अहो, हा आपल्याकडून का?

बॅटरीचा झोत थेट माझ्या तोंडावर आला. "साहेब, बोलू नका. मागच्यांची तक्रार आहे." प्रश्न सगळे शेजारच्या काकांचे होते, मी नुसती उत्तरं देत होतो. झोत मात्र माझ्यावर. काका त्या उजेडात हाताची घडी घालून, एखाद्या कीर्तनाला बसल्यासारखे पडद्याकडे बघत होते.

जुने जपानी राक्षसपट होते, दोन, पाठोपाठ. आधी १९५६ चा 'रोडान', मग १९६५ चा 'कैजू दाइसेन्सो'. दोन्हींचं दिग्दर्शन इशिरो होंडांचं, पडद्यावरच्या राक्षसी करामती एइजी त्सुबुराया यांच्या. पहिला सिनेमाभर काका गप्प होते. मला वाटलं, झोपले. दुसऱ्यात परग्रहवाले आले आणि काकांना कंठ फुटला.

"अहो, हा आपल्याकडून का?"

हा म्हणजे गॉडझिला. आता याचं एका शब्दात काय उत्तर देणार? १९५४ साली तो टोकियो जाळत होता, तेव्हा आपल्याकडून नव्हताच. १९६४ साली रोडान हा उडणारा राक्षस आणि मॉथ्रा हा राक्षसी पतंग यांच्या जोडीने त्याने तीन डोक्यांच्या घिडोराला पळवून लावलं, तेव्हा होता. आणि इथे तर गुरूजवळच्या एक्स ग्रहावरची मंडळी म्हणत होती की घिडोरा आम्हाला छळतो, तुमचे दोन राक्षस, गॉडझिला आणि रोडान, उसने द्या, बदल्यात कॅन्सरवरचं औषध देतो.

"सध्या आहे," मी कुजबुजलो.

"सध्या म्हणजे? नंतर फुटतो की काय?"

"फुटत नाही. ते लोक लहरी सोडून त्याला ताब्यात घेतात."

"आणि घिडोरा?"

"तो पहिल्यापासून त्यांच्याच ताब्यात."

काकांनी हे मिनिटभर चघळलं. "म्हणजे स्वतःचाच गुंड स्वतःच्या दारात उभा करून आपले दोन पहिलवान पळवले?"

खरं सांगतो, इतका नेमका सारांश मी कुठे वाचलेला नाही. पण काका सारांशावर थांबणारे नव्हते.

"औषध दिलं?"

"टेप दिली."

"टेपवर औषध?"

"औषधाची माहिती. म्हणजे असायला हवी होती. निघाली धमकी."

"आधी वाजवून बघायची नाही? राक्षस देऊन मोकळे! लेखी काही होतं का?"

तेवढ्यात पडद्यावर गॉडझिलाने घिडोराला पिटाळून लावलं आणि एक पाय दुमडून, हात वाकडे करून टुणटुण उड्या मारल्या. काकांनी माझं मनगट धरलं. "ह्याला काय झालं?" ही उडी त्या काळच्या एका लोकप्रिय जपानी विनोदी चित्रकथेतून उचललेली आहे, एवढंच मी सांगत होतो. तेव्हा तो झोत आला.

झोत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "माणूस आहे ना आत?"

हा प्रश्न मला लागला. उत्तर द्यायची चोरी होती, म्हणून इथे देतो. आहे माणूस! हारुओ नाकाजिमा. १९५४ ते १९७२ या काळात बारा सिनेमांत तो आत होता. पहिल्या वेळचा पोशाख शंभर किलोंच्या घरातला. चाल जमावी म्हणून त्याने प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती आणि अस्वलं बघितली. राक्षस पन्नास मीटरचा आणि पोशाख दोन मीटरचा, म्हणजे प्रमाण पंचविसाला एक. पन्नास मीटरवरून वस्तू खाली यायला तीन सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, दोन मीटरवरून साधारण पाऊण सेकंदाच्याही आत. हाच फरक खेळण्याची चुगली करतो. तो मिटवायचा तर पंचविसाचं वर्गमूळ, म्हणजे पाचपट वेगाने चित्रण करायचं, सेकंदाला चोवीसऐवजी एकशेवीस चौकटी, आणि दाखवायचं नेहमीच्या वेगाने. पण मग प्रत्येक चौकटीला प्रकाश मिळतो एक पंचमांश, म्हणून दिवे पाचपट. ते दिवे डोक्यावर आणि नाकाजिमा रबरात! एवढं करूनही पाणी दगा देतंच. टाकी कितीही मोठी बांधा, पाण्याचा थेंब लहान होत नाही. समुद्रातल्या राक्षसाच्या अंगावरून बोराएवढे थेंब ओघळले की कळलं, टाकी आहे. घिडोराच्या पोशाखात तर एक माणूस, शिवाय तीन माना, दोन शेपट्या आणि पंख वरून तारांनी हलवणारी माणसं वेगळी. एक तार हुकली की एक मान भलतीकडेच बघणार.

हे सगळं पोटात ठेवून मी बसलो होतो आणि काका म्हणाले, "अहो, ही कौलं मघाशीच उडाली होती."

मी दुर्लक्ष केलं.

"पहिल्या सिनेमात. हीच."

उडाली होती. पैसे वाचवायला या सिनेमात 'रोडान' आणि 'मॉथ्रा'मधली जुनी दृश्यं घातलेली आहेत. मला हे वाचून ठाऊक होतं. काकांना ते नुसतं बघून कळलं, पहिल्याच भेटीत, तेही मी झोपलेत असं समजत असताना. याचा राग अजून गेलेला नाही.

पण त्यांना कौलं दिसली तरी! हल्लीच्या संगणकी राक्षसपटांत कौल ओळखून दाखवा. लढाई रात्री, त्यात पाऊस, त्यात धूळ. अंधारात कमी तपशील रंगवावा लागतो, पावसात कडा लपतात, हे आम्हाला कळत नाही असं समजतात की काय? वर कॅमेरा राक्षसाच्या नाकासमोर माशीसारखा घोंघावणार. उंच वस्तू उंच दिसायला कॅमेरा जमिनीजवळ, माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला लागतो. त्सुबुरायांचा बऱ्याचदा तिथेच असायचा. आता शंभर मीटरचा प्राणी आणि वाटतो घोरपडीएवढा. परग्रहवाले आभाळात मोठं भोक पाडून येतात, का येतात ते विचारायची सोय नाही. त्यापेक्षा टेप देऊन फसवणारे बरे, त्यांनी निदान बोलणी तरी केली.

शेवटी एका कर्कश आवाजाच्या छोट्या यंत्राने परग्रहवाले कोलमडतात. नेमक्या त्याच वेळी काकांचा फोन वाजला. सगळ्यांना तो सिनेमातलाच वाटला. मागून चकार शब्द नाही.

मग तिन्ही राक्षस झटापटीत कड्यावरून समुद्रात पडले. घिडोरा वर आला आणि उडून गेला. दिवे लागले.

"अहो, आपले दोघं?" काकांनी विचारलं. "बुडाले?"

मला माहीत होतं. गॉडझिला १९६६ च्या पुढच्या सिनेमात एका बेटावरच्या गुहेत झोपलेला सापडतो, रोडान १९६८ मध्ये परत येतो. मी चपला शोधत राहिलो.