कारानसेबेशचे ‘दहा हजार मृत’: आकडा खोटा, गोंधळ खरा

‘ऑस्ट्रियाचे सैन्य दारू पिऊन आपसातच लढले आणि दहा हजार माणसे मेली’ हा मजकूर पुन्हा एकदा व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. खेळण्यातले सैनिक जमवणारा, त्यातही ऑस्ट्रियन फौज रंगवणारा म्हणून लोक तो मला हमखास पाठवतात. थोडक्यात गोष्ट अशी: सप्टेंबर 1788, आजच्या रोमानियातले कारानसेबेश. सम्राट दुसरा जोसेफ याचे एक लाख सैन्य तुर्कांवर चालून निघालेले. हुसार घोडेस्वार नदी ओलांडतात, तिथे त्यांना दारूची पिंपे मिळतात, मागून आलेले पायदळ वाटा मागते, गोळी सुटते. कोणीतरी ‘तुर्क आले’ म्हणून ओरडतो, अधिकाऱ्यांचे ‘हाल्ट’ (जर्मनमध्ये ‘थांबा’) सैनिकांना ‘अल्ला’ असे ऐकू येते. दोन दिवसांनी तुर्क पोहोचतात तेव्हा दहा हजार मृत आणि जखमी पडलेले.

आधी त्यासोबत येणाऱ्या चित्रांबद्दल. त्यांत बहुतेक वेळा सैनिकांच्या डोक्यावर उंच नळकांड्यासारखी शाको टोपी असते. ऑस्ट्रियन पायदळाला शाको मिळाली 1806 मध्ये. 1788 च्या शिपायाच्या डोक्यावर ‘कास्केट’ असायची, म्हणजे समोर उभी पट्टी असलेली काळी टोपी. अंगात पांढरा कोट, कॉलर आणि बाह्यांच्या कडा रेजिमेंटच्या रंगाच्या. हंगेरियन रेजिमेंट असेल तर खाली घट्ट निळी विजार. टोपीत हिरवी डहाळी खोचायची पद्धत होती, उन्हाळ्यात ओकची आणि हिवाळ्यात सूचिपर्णी झाडाची, आपला माणूस ओळखू यावा म्हणून. मी 1788 चा शिपाई रंगवतो तेव्हा ही डहाळी शेवटी लावतो, अगदी बारीक ब्रशने. काळोखात ती कोणाला दिसणार होती, हा प्रश्न मात्र मला त्या मजकुरातल्या दारूपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो.

कारण मूळ प्रसंग रात्रीचा आहे, आणि तो चढाईचा नव्हे, माघारीचा आहे. तुर्कांचा वजीर कोजा युसुफ पाशा याची फौज बनात प्रांतात घुसली होती आणि जोसेफचे सैन्य आपली जागा सोडून कारानसेबेशकडे मागे सरकत होते. थकलेली माणसे, अरुंद वाटा, सामानाच्या गाड्या आणि पाठीवर शत्रू असल्याची धास्ती. अशा वेळी घबराट पसरायला पिंप लागत नाही. हुसार आणि पायदळाची दारूवरून बाचाबाची झालीही असेल, त्यात अशक्य काही नाही. पण सगळी जबाबदारी तिच्यावर टाकली की सैन्याची खरी अवस्था नजरेआड होते.

‘हाल्ट’ आणि ‘अल्ला’चा भाग ऐकायला चटकदार आहे, म्हणूनच तो टिकला. सैन्यात जर्मन, हंगेरियन, क्रोएट, सर्ब, रोमानियन, चेक असे सगळे होते हे खरे. पण कवायतीचे हुकूम जर्मनमध्येच दिले जात. ‘हाल्ट’ हा रंगरूटाला पहिल्या आठवड्यातच तोंडपाठ होणारा हुकूम आहे. ज्याला जर्मनचे दुसरे अक्षर येत नव्हते, त्यालाही तो कळत होता.

आता दहा हजार. जोसेफने स्वतःच्या पत्रात त्या रात्रीचे वर्णन केले आहे. तो ज्या तुकडीबरोबर होता ती पार विस्कटली, तोफा आणि गाड्या उलटल्या, सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. तुर्क मागावर नव्हते म्हणून वाचलो, असेही तो म्हणतो. नुकसान काय सांगतो? तंबू, स्वयंपाकाची भांडी, बरेचसे सामान आणि तीन तोफा. भांड्यांची नोंद ठेवणारा सम्राट दहा हजार माणसे विसरेल का? बेपत्ता म्हणून पाचशेच्या वर माणसे नोंदली गेली आणि त्यांतली बहुतेक पुढे परत आली. मृतांचा आकडा शेकड्यांच्या घरातला मानला तर पटतो, हजारांच्या घरातला नाही.

मला राग येतो तो याच ठिकाणी. या मोहिमेत माणसे हजारोंनी मेली, पण कारानसेबेशला नव्हे. फील्ड मार्शल लासीने सैन्य सरहद्दीवर लांबच लांब साखळीसारखे पसरून ठेवले होते. दोस्त रशियन येतील या आशेवर मुख्य फौज बेलग्रेडसमोर, डॅन्यूब आणि सावा नद्यांच्या दलदलीजवळ, ऐन उन्हाळ्यात बसून राहिली. हिवताप आणि हगवण यांनी छावण्या पोखरल्या. जून 1788 ते मे 1789 या काळात सुमारे 1 लाख 72 हजार सैनिक आजारी किंवा जखमी झाले आणि सुमारे 33 हजार दगावले. खुद्द जोसेफ आजारी होऊन व्हिएन्नाला परतला आणि फेब्रुवारी 1790 मध्ये गेला. 33 हजारांचे मरण कोणी फॉरवर्ड करत नाही. त्यात पिंप नाही, हसू नाही, फक्त डास आणि घाण पाणी आहे.

‘असे काही घडलेच नाही, सगळे नंतर रचले’ असा उलटा दावाही दिसतो. त्याचा आधार असा की, ग्रॉस-होफिंगर यांचे जोसेफवरचे पुस्तक, ज्यात हा प्रसंग रंगवून येतो, ते 1847 चे, म्हणजे तब्बल 59 वर्षांनंतरचे आहे. शंका योग्य, निष्कर्ष चुकीचा. सम्राटाचे पत्र त्याच काळातले आहे, त्यामुळे गोंधळ झाला हे नाकारता येत नाही.

ज्यांना हा प्रसंग टेबलावर मांडायचा आहे त्यांनी त्या पत्रावरून मांडावा. दिवाळीच्या किल्ल्यावर पहारेकरी मावळा दारातच उभा करतो, तळ्यात नाही, तितकी काळजी इथेही घ्यावी. प्रेतांचा खच नको. तोफगाडे पिवळसर, त्यांचे लोखंड काळे, तोफखान्याचे शिपाई तपकिरी कोटात, कोटाच्या कडा लाल. उलटलेला तंबू, सांडलेली भांडी आणि अंधारात कुठे धावावे हे न कळलेले पांढरे कोट.

उरला शेवटचा दावा, की या रात्रीनंतर ऑस्ट्रियाचे सैन्य संपले. पुढच्याच वर्षी, 1789 मध्ये, कोबुर्गच्या ऑस्ट्रियन तुकड्यांनी सुवारोव्हच्या रशियनांबरोबर ऑगस्टमध्ये फोकशानीची आणि सप्टेंबरमध्ये रिमनिकची लढाई तुर्कांविरुद्ध जिंकली, आणि ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियाचा वृद्ध सेनापती लाउडन याने बेलग्रेड घेतले. 1791 च्या सिस्टोव्हा तहात ते तुर्कांना परत द्यावे लागले, पण ते राजकारणापायी.