हार्वर्डची हळद

आईने मावशीला फोनवर सांगितलं, "अगं, हा सध्या हार्वर्डच्या मागे लागलाय. रात्री एक-एक वाजेपर्यंत जागत असतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचा मला फोन. या वयात शिकायची हौस म्हणजे कौतुकच, असं म्हणून तिने हळूच फी विचारली. मी म्हटलं, "मावशी, हार्वर्ड नावाचं विमान असतं. त्याचं मॉडेल करतोय. प्लास्टिकचं, वीतभरसुद्धा नाही." पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "आईला दे रे फोन."

खऱ्या हार्वर्डच्या पंखांचा पसारा ४२ फूट. १/७२ मापात तो १८ सेंटिमीटरच्या आत येतो. हे मूळचं अमेरिकन शिकाऊ विमान. नाकावर ६०० अश्वशक्तीचं गोल इंजिन, लांबलचक काचेच्या पेटीत एकामागे एक दोन खुर्च्या, पुढे शिकणारा आणि मागे त्याच्या चुका मोजणारा. सगळे अवतार धरून पंधरा हजारांवर विमानं बनली, आणि आपल्या हवाई दलानेही ती महायुद्धापासून सत्तरच्या दशकापर्यंत वापरली. मी तेच निवडलं त्याला कारण खालच्या मजल्यावरचे काका. साठच्या दशकात जोधपूरच्या फ्लाइंग कॉलेजात ते याच विमानावर शिकले. आता ऐंशीच्या पुढे आहेत. एकदा लिफ्टमध्ये माझ्या या उद्योगाचा विषय निघाला, तर म्हणाले, "हार्वर्ड कर. पिवळं." मी हो म्हटलं. लिफ्टमध्ये माणूस कशालाही हो म्हणतो.

तोवर मी फक्त लढाऊ विमानं रंगवली होती. हिरवी, करडी, मातकट. हे रंग विमानाला शत्रूपासून लपवायला असतात असं पुस्तकात लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवाने ते रंगवणाऱ्याची पापं लपवायला असतात. ग्लूचा डाग पडला? वर हिरवा ठिपका द्या. सांधा नीट जुळला नाही? तिथून करडा पट्टा ओढा. रंग ओघळला तर 'आघाडीवरचं विमान आहे, असंच असायचं' म्हणावं. लोक माना डोलावतात.

पिवळ्याचं सगळंच उलटं. तो रंग दिसण्यासाठीच जन्माला आलेला. १७ डिसेंबर १९३९ ला कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांनी मिळून वैमानिक शिकवायचा करार केला, आणि कॅनडाच्या आकाशात पिवळ्या विमानांचे थवेच्या थवे उडायला लागले. युद्ध संपेपर्यंत तिथून १ लाख ३१ हजारांवर माणसं शिकून बाहेर पडली. पिवळा अशासाठी, की लांबूनच कळावं, आत नवखा बसलाय, अंतर ठेवा. आणि नवखा शेतात जाऊन पडलाच, तर शोधणाऱ्याला वरून दिसावा. आपल्याकडे गाडीच्या काचेवर लाल 'एल' लावतात, तसा यांनी अख्खा गाडीभर लावला. अमेरिकन नौदलाच्या पिवळ्या शिकाऊ विमानांना तर 'पिवळं संकट' असंच नाव पडलं होतं. हे मला आधी वाचायला हवं होतं.

मे महिना होता. बाल्कनीत कॉम्प्रेसर मांडला, एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारी पेनाएवढी बंदूक, धुतला, डबी उघडली. डबीवर 'ट्रेनर यलो' असं छापलेलं, आत १४ मिली. विमानाला करड्या प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, हात आधीच देऊन ठेवला होता, कारण सगळ्याच विमानांना मी करडा प्रायमर देतो. थिनर घालून पिवळा पातळ केला आणि पहिला हात मारला.

विमान पोपटी झालं. नीट पोपटीही नाही. आई अढी लावते त्यातला, चार दिवस झाले तरी न पिकलेला, देठाशी हिरवा आणि पोटाला आजारी पिवळा असा जो आंबा असतो, तो रंग. दुसऱ्या हाताने फरक पडला नाही. तिसरा हात रागाने मारला, त्यामुळे जाड बसला आणि पंखाच्या कडेवरून ओघळून तिथेच गोठला. पी हळद नि हो गोरी म्हणतात. इथे पाजून पाजून हळद संपत आली तरी नवरी हिरवीच.

आमच्या सोसायटीच्या बाहेरच्या भिंती तेव्हा रंगवायला काढल्या होत्या. मी त्या ओघळाकडे बघत बसलो असताना बाल्कनीच्या कठड्यापलीकडे आधी दोन दोरखंड हलले, मग एक टोपी वर आली, मग टोपीखालचा रंगारी. पाळण्यात बसल्या बसल्या त्याने माझ्या हातातल्या एअरब्रशकडे निरखून बघितलं. "मशीन केवढूशी!" म्हणाला. मग विमानाकडे बघून म्हणाला, "पिवळा मारताय?"

मी म्हटलं, "हो."

"खाली काय दिलंय?"

"करडा."

त्याने जीभ चुकचुकली. डॉक्टर रिपोर्ट बघून करतात तशी. "पिवळा झाकत नाय साहेब. खालचा रंग वर दाखवतो. आधी पांढरा मारून घ्यायचा, मग पिवळा." एवढं बोलून त्याने खाली कोणालातरी हाक दिली आणि तो कठड्याखाली उतरत गेला. वीस वर्षं हा छंद करतोय, महिन्याला पगाराचा एक तुकडा त्यात घालतोय, आणि मुद्द्याची गोष्ट दोरीला लटकून आलेल्या माणसाने अर्ध्या मिनिटात सांगितली. मागाहून शोधलं तर तो बरोबर होता. जुन्या क्रोम यलोमध्ये शिसं असायचं, तो दणकून झाकायचा. शिसं विषारी म्हणून त्याच्या जागी जी पिवळी रंगद्रव्यं आली ती बरीच पारदर्शक. खाली करडं असलं की वर हिरवट दिसणारच.

आता तीन हातांचा तो गिलावा उतरवणं आलं. त्यासाठी मॉडेलवाल्यांचा एक घरगुती उपाय आहे. जखमेवर लावायचं तपकिरी जंतुनाशक असतं ना, पाण्यात पडलं की दुधासारखं होणारं, त्यात मॉडेल रात्रभर बुडवून ठेवायचं. सकाळी रंग सुटतो. फक्त पाणी लावायचं नाही, पहिला ब्रश त्याच जंतुनाशकात घासायचा. ही शेवटची सूचना मी सकाळी नळाखाली धरल्यानंतर वाचली. पाणी लागल्याबरोबर सुटलेल्या रंगाचा पिवळट चिकट लगदा झाला आणि तो विमानाला, माझ्या बोटांना आणि नळाच्या तोटीला सारखाच चिकटला. घरात दोन दिवस प्रसूतिगृहाचा वास होता. शेजारच्या वहिनी बायकोला विचारून गेल्या, "सगळं ठीक ना?"

विमान साफ झालं. आता खाली पांढरा द्यायचा, पण त्याआधी मी नको तेवढं वाचलं होतं. पिवळ्याखाली गुलाबी दिला तर पिवळा अधिक गरम, भरदार उतरतो असं जाणकार सांगतात. खरंच आहे ते. पण त्यासाठी विमान दोन दिवस गुलाबी ठेवावं लागतं, आणि आमच्या घरात सात वर्षांची मुलगी आहे. तिने गेल्या चार वर्षांत माझ्या एकाही मॉडेलकडे ढुंकून पाहिलेलं नव्हतं. हे बघून तिचे डोळे चमकले. "बाबा, हे असंच ठेव." मी तिला महायुद्ध, कॅनडा, जोधपूर सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण गुलाबी पण लांबून दिसतं." याला उत्तर नव्हतं. मी ती झोपल्यावर पिवळा मारला.

या वेळी बसला. पातळ पातळ चार हात, मधे एकेक रात्र. चौथ्या हातानंतर दिव्याखाली धरलं तेव्हा हळदीला बसलेल्या नवरदेवासारखं तेज होतं. आई येऊन बघून गेली. "छान दिसतंय हो," म्हणाली. "पण फार पिवळंधमक झालंय. दृष्ट लागेल."

दृष्ट लागायला वेळ लागला नाही. धूळ बसू नये म्हणून मी त्याच्यावर हापूसची रिकामी पेटी उपडी घातली होती. पेटी झटकून घेतली होती असं मला आजही वाटतं. सकाळी उजव्या पंखात पेंढ्याची एक काडी रुतून वाळलेली, तीही नेमकी पिवळी. म्हणजे दिसली ती तिसऱ्या दिवशी, बोटाला लागली तेव्हा. घासा, गुलाबी द्या, पिवळे चार हात द्या.

याच सुमारास, रात्री साडेबाराला, असं वाचनात आलं की १९९० च्या दशकात ब्रिटिश हवाई दलाने आकाशात कोणता रंग सगळ्यात उठून दिसतो ते तपासून आपली हॉक आणि टुकानो ही शिकाऊ विमानं चकचकीत काळी करून टाकली. काळी! एका हातात झाकणारा, ज्याखाली काहीही चालतं असा काळा! मी दिवा बंद करून पडलो. बायको झोपेत म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. साठ वर्षं उशीर झाला त्यांना."

मग मास्किंग. हार्वर्डच्या कॅनॉपीला, म्हणजे त्या काचेच्या पेटीला, इतक्या बारीक बारीक चौकटी आहेत की त्या मी मोजल्या नाहीत. मोजल्या असत्या तर काम सुरूच केलं नसतं. प्रत्येक काचेवर टेपचा तुकडा कापून बसवायचा, चौकटी रंगवायच्या, मग तुकडे काढायचे. आता गंमत बघा. ज्या जपानी मास्किंग टेपवर सगळे मॉडेलवाले जीव टाकतात ती असते पिवळी. पिवळ्या विमानावर पिवळी टेप, पिवळ्या बल्बच्या उजेडात. कुठे टेप संपते आणि विमान सुरू होतं ते फक्त नखाला कळायचं. वैमानिकाच्या डोळ्यांवर उन्हाची तिरीप येऊ नये म्हणून काचेपुढच्या नाकावर काळा पट्टा असतो, तो मारला आणि टेप ओढली. एका बाजूने काळा सरळ रेघेत, दुसऱ्या बाजूने टेपखाली घुसून पार बाजूपर्यंत. बायको चहा घेऊन आली होती. "काळीपिवळी करतोयस होय? मीटर पण बसव." टूथपिकने तो काळा खरवडायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पंखावरचा टेपचा एक तुकडा तर वार्निश मारून झाल्यावर सापडला. तो तिथेच आहे. कोणता ते मी सांगणार नाही.

राहिले डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून विमानावर चिकटवायच्या छापील खुणा. किटातल्या खुणा परदेशी होत्या, आपल्या हवाई दलाच्या वेगळ्या मागवल्या. गोल खूण: मधे हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. पिवळ्यावर हा केशरी काही उठत नाही, आणि पांढऱ्यातून खालचा पिवळा डोकावून तो सायीसारखा दिसतो. पण चार पावलांवरून बघितलं तर ऊर भरून येतो. शेपटीवरचे दोन छोटे तिरंगी आयत राहिले होते. ते वाटीत कोमट पाण्यात सोडले आणि चिमटा आणायला आत गेलो. चिमटा मुलीच्या बाहुलीच्या केसांत सापडला. बाहेर येतो तर टेबलावर वाटी नाही.

"आई, इथली वाटी?"

"घासायला टाकली. पाणी होतं नुसतं."

"पाणी कुठे टाकलंस?"

"तुळशीला. फुकट कशाला घालवायचं?"

मी तुळशीपुढे गुडघे टेकून बसलो. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी ते बघितलं आणि त्यांना भरून आलं असावं, त्यांनीही हात जोडले. एक तिरंगा मातीवर सापडला, दुसरा खालच्या पानाला चिकटून बसला होता, अगदी सरळ, एकही सुरकुती नाही. इतका सरळ मला विमानावर एकही लावता आला नव्हता.

शेवटी एका रविवारी काकांना वर बोलावलं. ते सावकाश आले, चष्मा पुसला, विमान बशीत ठेवलं होतं ती बशी खिडकीपाशी नेली. बराच वेळ बोलले नाहीत. काडी, ओघळ, टेपचा तुकडा, काय सापडलं असेल या विचाराने माझ्या तळव्यांना घाम सुटला.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे उडालंच नाहीये."

"म्हणजे?"

"अरे, उजवीकडे हा एक्झॉस्ट आहे ना? इथून मागे, पंखाच्या बुंध्यापर्यंत काजळी धरायची. मेकॅनिक रोज पुसायचा, रोज धरायची. इतकं स्वच्छ विमान मी जोधपूरला कधी बघितलं नाही. हे शोरूममधलं आहे."

तेरा हात. एक जंतुनाशकाचा टब. दोन संध्याकाळी टूथपिक. आता या पिवळ्यावर मुद्दाम घाण करायची? मी काही बोलणार, तोच आई आतून आली. तिच्या हातात मुलीच्या बारशातली काजळाची डबी होती.

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," ती म्हणाली.

मी सगळ्यात बारीक ब्रश घेतला, टोक डबीत टेकवलं, फडक्यावर पुसलं, आणि श्वास रोखून एक्झॉस्टच्या तोंडापासून मागे ओढला. एक रेघ. तिच्यावर कोरड्या ब्रशने पुसट दुसरी. काका बाजूला वाकून उभे होते. "अजून. घाबरू नकोस. अजून जरा. हां, बस." आईने बशी उचलून लांब धरली, मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे केली आणि समाधानाने खाली ठेवली.

"आता नाही लागायची दृष्ट."

"वहिनी," काका म्हणाले, "थोडं पोटाखाली पण लावा. तिथे तेल गळायचं."