अंगठेबहाद्दरांसाठी घटनादुरुस्ती

शनिवारी रात्री आमच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत मेहुण्यांच्या गाडीला जॅमर लागला. पाहुण्यांचं पार्किंग रात्री दहानंतर बंद, दंड पाचशे रुपये. हा नियम झाला कधी? "काल रात्रीच ग्रुपवर टाकलाय," सचिव म्हणाले. "अहो, संसद देशाची घटना बदलते, तिथे पार्किंगचं काय घेऊन बसलात!"

पटलं. उलट संसदेनेच आमच्या कमिटीकडे शिकवणी लावावी. तुम्हीही लावा.

सर्वात आधी घटनादुरुस्तीची रीत सांगणारा राज्यघटनेतला अनुच्छेद ३६८ विसरा. फार कटकटीचं काम आहे ते. विधेयक लोकसभेत आणि राज्यसभेत वेगवेगळं मंजूर करा. प्रत्येक ठिकाणी एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं मिळवा, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. दोन्ही अटी एकदम! लोकसभेच्या ५४३ जागा भरलेल्या असतील, तर बाकं रिकामी बघून गुपचूप उरकायची सोय नाही, निदान २७२ मतं पडलीच पाहिजेत. आमच्याकडे कसं सुटसुटीत. गणपूर्ती नाही? सभा अर्धा तास तहकूब. मग त्याच खुर्च्यांवर तेच सात जण, आणि ठराव सर्वानुमते मंजूर. इतिवृत्त तर सभेच्या आधीच टाइप झालेलं असतं.

दोन सभागृहांचं पटलं नाही, तर घटनादुरुस्तीसाठी संयुक्त बैठकीची पळवाटही नाही. म्हणून बी विंगला कळवूच नका.

केंद्र-राज्यांच्या अधिकारवाटपासारख्या गोष्टींना निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २०१६ साली जीएसटीसाठी तो सगळा खटाटोप करावा लागला. तुम्ही कोणाला विचारणार? वॉचमनला सांगितलं की झालं.

आता खास युक्ती. ठरावाखाली लिहा, 'या निर्णयाला कुठेही आव्हान देता येणार नाही.' आमच्या नोटिशीत आहे हे वाक्य. १९७६ साली आणीबाणीत ४२व्या दुरुस्तीने हेच लिहून पाहिलं होतं, घटनादुरुस्तीवर कोर्टात प्रश्नच उपस्थित करायचा नाही म्हणून. १९८० साली मिनर्व्हा मिल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम उडवलं. कारण त्याआधी १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीश बसले होते आणि सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरलं होतं की संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. अख्ख्या संसदेला जे जमलं नाही, ते हे तीन पदाधिकारी लेटरहेडवर करणार! उपविधी, म्हणजे सोसायटीचे नोंदलेले नियम, बदलायचे तर सर्वसाधारण सभा लागते, रीतसर नोटीस लागते, हजर राहून मत देणाऱ्या सभासदांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि सहकार खात्याच्या निबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती म्हणजे नुसता कागद असतो. १९६०च्या सहकार कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत आहे हे सगळं. सचिवसाहेब, उघडून बघा कधीतरी!

पण त्यांना एकट्याला काय बोलायचं? रात्री साडेअकराला आलेल्या त्या मेसेजखाली अंगठे कोणाचे होते? तुमचेच. वाचलात तरी का? सभेची नोटीस लागते तेव्हा तुम्ही लोणावळ्याला असता. आलात तर वडा-चहा येईपर्यंत मोबाईल खाजवता आणि हिशेबाचा विषय निघाला की कुकर लावायचाय म्हणून उठता. आणि हेच तुम्ही दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये मला ऐकवता, देशात लोकशाही उरली नाही म्हणून!