बायका म्हणे दिवसाला वीस हजार शब्द बोलतात

भाचीचं लग्न ठरलंय. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला त्याच्या काकांनी ‘लग्नाआधी वाचून ठेव’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज पाठवला. त्याने तो हसून हिला पाठवला, हिने मला. मला काही हसू आलं नाही. मेसेज असा: बाई दिवसाला २०,००० शब्द बोलते आणि पुरुष ७,०००, हे विज्ञानाने सिद्ध केलंय. त्याचा कोटा ऑफिसातच संपतो, तिचा संध्याकाळी शिल्लक असतो. कारण तिच्या मेंदूत ‘बोलण्याचं प्रोटीन’ जास्त असतं आणि दोन्ही अर्धमेंदूंना जोडणारा पूल जाड असतो. म्हणून ती बोलायला लागली की नुसतं ‘हं’ म्हणावं. तिला उत्तर नको असतं, मोकळं व्हायचं असतं.

आधी तो आकडा. लुअ‍ॅन ब्रिझेन्डाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या २००६ सालच्या पुस्तकामुळे तो गाजला. मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञाने त्याचं मूळ शोधायला घेतलं, तर कुणी शब्द मोजून तो काढल्याचा पुरावाच सापडेना. पुढच्या आवृत्तीतून आकडा काढायचं बाईंनीसुद्धा मान्य केलं. आपले काका लोक अजून धरून आहेत.

२००७ मध्ये मॅथियास मेल आणि सहकाऱ्यांनी खरंच मोजलं. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांजवळ दिवसभर अधूनमधून आपोआप चालू होणारे रेकॉर्डर दिले. ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलेली सरासरी: मुली १६,२१५ शब्द, मुलगे १५,६६९. फरक साडेपाचशेच्या आत, संख्याशास्त्राच्या हिशेबात नगण्य. सगळ्यात बडबड्या निघाला तो पुरुष, दिवसाला ४७,००० च्या आसपास. आणि साधा हिशेब करा ना! ७,००० शब्द म्हणजे जेमतेम तासाभराचं बोलणं. दिवसभरात फक्त तासभर बोलणारा पुरुष आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी आलेला नाही.

आता खरं तेही सांगते, नाइलाजाने. मेल आणि मंडळींनीच २०२५ मध्ये दोन हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास छापला. त्यात २५ ते ६४ या वयोगटात बायका रोज सुमारे ३,००० शब्द जास्त बोलताना आढळल्या. बाकीच्या वयांत तसा ठळक फरक नाही. लेकरं वाढवण्याचं काम हे त्याचं एक संभाव्य कारण त्यांनी सुचवलंय. ‘दप्तर भरलं का, डबा संपवला का, दात घासले का’ यातही शब्द जातात. पण तीन हजार म्हणजे तिप्पट नव्हे.

प्रोटीनची गोष्ट २०१३ ची. फॉक्सपी२ हे प्रोटीन मुलींमध्ये जास्त आढळलं, पण नमुने होते फक्त दहा लहान मुलांच्या मेंदूचे. कोण किती बोलतं हे त्यात मोजलेलंच नव्हतं. त्याच अभ्यासात उंदरांच्या पिल्लांमध्ये ते नरांत जास्त होतं आणि चिरकतही नरच जास्त होते. हा भाग मेसेजमध्ये नाही, अर्थातच. जाड पुलाचा दावा १९८२ साली चौदा मेंदू बघून केलेला. १९९७ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तो टिकला नाही.

आता ते ‘हं’. मला सगळ्यात जास्त चीड याची येते. ‘गॅस संपत आलाय, पोराला ताप आहे, तुझ्या आईची बीपीची गोळी आणायचीय’ यात मोकळं होण्यासारखं काय आहे? ही कामं आहेत, आणि त्यांना उत्तर लागतं. ‘हं’ म्हटलं की गोळी तिलाच आणावी लागते. बायकोचं ऐकायचा कंटाळा असेल तर तसं म्हणा, मेंदूला कशाला मध्ये घेता? आणि एकदा बाईचं बोलणं हा जास्तीचा माल ठरला की तिची तब्येतीची तक्रारही त्यातच जमा होते. पोटात दुखतंय म्हणाली तरी ‘हं’.

चार लोकांत काय होतं तेही बघा. आपल्या राज्यात मुख्य ग्रामसभेआधी वेगळी महिला ग्रामसभा घ्यायची तरतूद कायद्यातच करावी लागली, कारण भरसभेत बायकांना बोलूच दिलं जात नाही. २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, तरी कित्येक गावांत बाई सरपंच खुर्चीत आणि बोलतो तो सरपंचपती. तिथे या वीस हजार शब्दांचं काय होतं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.