पेटीवर रंगवलेले नाव आणि साल

सिअ‍ॅटलच्या वायव्य कोपऱ्यात, खाडीला लागून, बॅलर्ड नावाचा भाग आहे. तिथल्या नॅशनल नॉर्डिक म्युझियममध्ये मी गेल्या महिन्यात आईला घेऊन गेले. आई नाशिकहून काही महिन्यांसाठी माझ्याकडे आली आहे. मी या परिसरात बारा वर्षे राहते आहे, तरी या संग्रहालयात कधी पाऊल ठेवले नव्हते, कारण नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड इथून आलेल्या लोकांचा वारसा हा त्यांच्या नातवंडांनी पाहायचा विषय आहे, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती, आणि का चुकीची होती ते मला इथे नीट मांडायचे आहे.

१९७९ साली इथल्या नॉर्डिक कुटुंबांनी एकत्र येऊन संस्था स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी, बंद पडलेल्या एका प्राथमिक शाळेच्या वर्गखोल्यांत, हे संग्रहालय सुरू केले. जवळजवळ चार दशके ते त्या शाळेतच होते. आजची, जस्ताच्या पत्र्याने मढवलेली इमारत मे २०१८ मध्ये उघडली, आणि २०१९ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून संग्रहालयाच्या नावात ‘नॅशनल’ हा शब्द आणला. इमारतीच्या मधोमध फियोर्डसारखे, म्हणजे दोन उभ्या कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यासारखे, उंच आणि लांब दालन आहे. त्याच्या एका बाजूला नॉर्डिक देशांचा इतिहास, दुसऱ्या बाजूला अमेरिकेत आलेल्या नॉर्डिक लोकांचा इतिहास, आणि इकडून तिकडे जायला मधले पूल, अशी मांडणी आहे. वर फेरो बेटांचे कलावंत ट्रोन्दुर पातुर्सन यांनी घडवलेले काचेचे पक्षी टांगलेले आहेत. स्थलांतराची गोष्ट पायांनी चालून समजावी, ही कल्पना मला फार आवडली. पूल ओलांडला की मागची बाजू दिसत राहते, पण आवाज येत नाही.

आई सर्वांत जास्त वेळ थांबली ती लाकडी पेट्यांपाशी. लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, गोलाकार झाकणाच्या या पेट्यांवर वेलबुट्टी रंगवलेली असते, आणि तिच्यामध्ये मालकाचे नाव आणि साल. शिडाच्या जहाजांच्या काळात अटलांटिक ओलांडायला आठ ते दहा आठवडे लागत, आणि प्रवाशांनी आपले धान्य आणि खाणे आपणच न्यायचे असे. म्हणून पेटीत महिनोन्महिने टिकणारी कडक पातळ भाकरी, चीज आणि खारवलेले मांस असे. त्याबरोबर लोकरीचे कपडे, सुतारकामाची हत्यारे, प्रार्थनेचे पुस्तक. जवळच स्वयंपाकघरातल्या वस्तूंमध्ये एक खाचा पाडलेले लाटणे होते. ते लेफ्से लाटायचे. उकडलेल्या बटाट्यात पीठ मळून, पातळ लाटून, तव्यावर भाजून, लांब चपट्या काठीने उलटायची ही नॉर्वेजियन पोळी. आईने ते लाटणे बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, “अगं, खाचांमुळे पीठ चिकटत नसणार.” तिचा तर्क बरोबर होता. पाटीवरचा मजकूर मी तिला वाचून दाखवायच्या आतच तिला त्या घरातली बाई कळली होती.

मग तिने विचारले, “एवढी श्रीमंत माणसे इकडे कशाला आली?” हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात येईल, कारण आपल्याला ठाऊक असलेला नॉर्वे आणि स्वीडन हा तेलाचा, मोठ्या कारखान्यांचा आणि मजबूत समाजकल्याण व्यवस्थेचा आहे. एकोणिसाव्या शतकात तसे काहीच नव्हते. नॉर्वेच्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के लागवडीची आहे. बाकी डोंगर, जंगल आणि बर्फ. त्या शतकात लोकसंख्या भराभर वाढली, आणि तिचे कारण शांतता, देवीची लस आणि बटाटे या तिघांत आहे, असे स्वीडनमध्ये तेव्हापासून म्हटले जाते. पोरे जगू लागली, पण शेत तेवढेच राहिले. थोरल्याला शेत मिळाले की धाकट्यांनी कुळ म्हणून राबायचे किंवा वाट धरायची. त्यात १८६६ ते १८६८ या काळात फिनलंडमध्ये दुष्काळ पडला, त्यात आणि त्यामागून आलेल्या रोगराईत तिथली सुमारे आठ टक्के माणसे मेली. लोक झाडाच्या सालीचे पीठ करून भाकरीत घालत होते. त्याच सुमारास स्वीडनमध्येही पिके बुडाली. आइसलँडमध्ये १८७५ साली आस्क्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि राखेने कुरणे झाकली.

नॉर्वेतून संघटित स्थलांतराची सुरुवात ४ जुलै १८२५ रोजी झाली असे मानतात. ‘रेस्टॉरेशन’ नावाचे एक छोटे गलबत स्टावांगर बंदरातून ५२ माणसे घेऊन निघाले आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला पोचले तेव्हा त्यात ५३ माणसे होती, कारण वाटेत एक मुलगी जन्मली होती. पुढच्या शंभर वर्षांत नॉर्वेतून आठ लाखांवर आणि स्वीडनमधून बारा लाखांवर माणसे अमेरिकेत आली. त्यांच्यापैकी अनेकांना ओढून आणले ते पत्रांनी. आधी गेलेल्याचे पत्र गावात आले की ते चर्चबाहेर मोठ्याने वाचले जाई, हातोहात फिरे, आणि कधी त्यासोबत परतफेडीच्या बोलीवर जहाजाचे तिकीटही येई. परत गेलेलेही पुष्कळ होते. स्वीडिश लोकांत साधारण पाचातला एक. आपल्याकडे परदेशातून परतणाऱ्याला अजूनही “जमले नाही का?” असे विचारतात, म्हणून हा आकडा मी मुद्दाम इथे लिहिते आहे.

माझे स्पष्ट मत असे की, या संग्रहालयाचे खरे धन या पेट्या, लाटणी आणि पत्रे यांत आहे. तलवारी आणि व्हायकिंग जहाजांत नाही. व्हायकिंग पाहायला मुले धावतात हे मला समजते. पण बॅलर्डमध्ये आलेला माणूस व्हायकिंग नव्हता. तो लाकडी कौले कापणाऱ्या गिरणीत उभा राहणारा मजूर होता. देवदाराच्या ओंडक्यांतून छपराची पातळ कौले कापण्यात हे गाव त्या काळी जगात अग्रेसर मानले जाई, आणि सताड उघड्या फिरत्या करवतीपुढे दहा तास हात चालवणाऱ्या त्या मजुरांत पुष्कळांची बोटे तुटलेली असत. उरलेले हॅलिबट आणि सामन मासे धरायला अलास्काकडे जात. इथून थोड्याच अंतरावर कोळ्यांच्या धक्क्यावर समुद्रात गेलेल्यांचे स्मारक आहे, त्यावर सहाशेहून अधिक नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत नॉर्वेजियन आडनावे जागोजागी दिसतात. बायका श्रीमंतांच्या घरी मोलकरणी आणि स्वयंपाकिणी म्हणून राहत. खिशात पाच डॉलर घेऊन आलेल्या आणि पुढे मोठी दुकाने उभारणाऱ्या स्वीडिश नॉर्डस्ट्रॉमची गोष्ट इथे सर्वांना पाठ असते, आणि ती खरीही आहे. पण त्या मोलकरणींची गोष्ट टिकवायला संग्रहालयच लागते. इथे स्वयंसेवकांनी नॉर्डिक कुटुंबांतल्या शेकडो वृद्धांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत, हे काम मला इमारतीपेक्षाही मोठे वाटते.

स्थलांतराची गोष्ट सांगताना दोन गोष्टी मात्र वगळता येत नाहीत. पहिली म्हणजे जमीन. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळू लागली आणि मिनेसोटात नॉर्वेजियन व स्वीडिश शेतकऱ्यांची गावे वसली. ती जमीन रिकामी नव्हती. त्याच वर्षी उपासमारीला आणि मोडलेल्या करारांना कंटाळून तिथले मूळ रहिवासी डकोटा लोक उठले, दोन्ही बाजूंची माणसे मेली, आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. उपाशी शेतकऱ्याला दोष देणे मला जमत नाही. पण त्याच्या पेटीची गोष्ट ऐकताना ती पेटी ज्या जमिनीवर उतरली तिचीही गोष्ट ऐकायला हवी. उत्तर नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या सामी या मूळ रहिवाशांना या संग्रहालयाने नॉर्डिक म्हणून आपल्यात घेतले आहे, त्यामुळे मूळ रहिवाशांचा प्रश्न त्यांना परका नाही.

दुसरी गोष्ट दाराची. अमेरिकेच्या १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ माणसाला मिळू शकत होते. आज आश्चर्य वाटेल, पण १९०८ मध्ये मिनेसोटात एका सरकारी वकिलाने जॉन स्वान नावाच्या फिनिश माणसाच्या अर्जाला, फिनिश लोक मंगोल वंशाचे आहेत, असा आक्षेप घेतला होता. न्यायाधीशांनी तो फेटाळला आणि फिनिश लोक ‘गोरे’ ठरले. पंधरा वर्षांनी, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. ते ओरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबले होते आणि पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. न्यायालयाने त्यांना ‘गोरे’ मानायला नकार दिला, आणि आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचेही नागरिकत्व काढून घेण्यात आले. ते दार १९४६ पर्यंत बंद राहिले. सिअ‍ॅटलच्या उत्तरेला बेलिंगहॅम आहे, तिथून ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री गोऱ्या जमावाने पंजाबी गिरणी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकलले होते. त्याच गिरण्या, तेच ओंडके, तीच करवत. पण एकाला पुढे घर, मतदान आणि चार पिढ्यांनी संग्रहालय मिळाले, आणि दुसऱ्याला रातोरात गाव सोडावे लागले. मेहनतीने हा फरक पडलेला नाही, कायद्याने पडला आहे. आपण इथे “आम्ही कष्टाने वर आलो” असे म्हणतो तेव्हा १९६५ च्या बदललेल्या स्थलांतर कायद्याचे नाव क्वचितच घेतो.

नॉर्डिक आणि भारतीय मजुरांच्या गोष्टी जिथे एकत्र येतात ती जागा मला संग्रहालयातून घरी आल्यावर, वाचताना सापडली, आणि खरे तर तिच्यासाठीच मी ही पोस्ट लिहायला बसले. ओरेगॉनमध्ये कोलंबिया नदीच्या मुखाशी अस्टोरिया नावाचे गाव आहे. तिथे फिनिश मजुरांची मोठी वस्ती होती, त्यांचे स्वतःचे समाजवादी सभागृह होते, आणि तिथल्या गिरणीत पंजाबी मजूरही काम करत. १९१३ मध्ये भारतातली इंग्रजी सत्ता उलथवू पाहणाऱ्या गदर चळवळीच्या स्थापनेची सभा भरली ती त्या फिनिश सभागृहात. फिनलंड तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि भारत इंग्रजांच्या. सभागृह देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना एकमेकांची भाषा किती कळत असेल, याची कल्पना करताना मला अजूनही गहिवरून येते. गदरच्या आरंभीच्या मंडळींत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, जे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले होते. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे याच सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात अभियांत्रिकी शिकायला आले होते. ते गदरमध्ये सामील होऊन परतले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. मी दररोज ज्या विद्यापीठावरून ऑफिसला जाते तिथे एक मराठी मुलगा शंभर वर्षांपूर्वी वावरला होता, हे मला बारा वर्षांत कोणी सांगितले नव्हते, आणि मीही शोधले नव्हते.

आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मग पिंगळ्यांची पेटी कुठे आहे?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

अस्टोरियाच्या सभागृहाची गोष्ट मला दालनांत दिसली नाही. एवढ्या मोठ्या मांडणीत ती माझ्या नजरेतून सुटलीही असेल. म्हणून मी संग्रहालयाला एक सविस्तर पत्र लिहिले आहे. फिनिश मजुरांच्या भागात त्या सभेला जागा द्यावी, आणि इथल्या भारतीय मंडळांनी त्यासाठी कागदपत्रे गोळा करायला मदत करावी, असे त्यात सुचवले आहे. सिअ‍ॅटल आणि पोर्टलंडकडच्या ज्या मराठी घरांत १९६५ नंतर आलेल्या पहिल्या लोकांची पत्रे, सामानाच्या याद्या, विमानाची तिकिटे किंवा भाड्याच्या खोलीतले फोटो अजून ठेवलेले असतील, त्यांनी कृपया मला कळवावे. कागद मूळ मालकाकडेच राहतील. मी फक्त येऊन नोंद करून घेईन. शनिवार-रविवार मी मोकळी आहे, आणि आई परत जाण्याआधी तिचीही मुलाखत ध्वनिमुद्रित करायला आम्ही कालपासून सुरुवात केली आहे.