ट्रॅक्टरची मिरवणूक त्या वस्तीतूनच गेली पाहिजे

डिसेंबर जवळ आला की आमच्या ट्रॅक्टरच्या मिरवणुकीबद्दल एक प्रश्न ठरलेला असतो. परवा एका मैत्रिणीने फोनवर तोच विचारला. "एवढं डिझेल जाळता, एवढे दिवे लावता, त्यापेक्षा तेवढे पैसे सरळ गरजूंना का नाही देऊन टाकत?" फोनवर मला नीट उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी राहते त्या इंग्लंडच्या ग्रामीण भागात नाताळच्या आधी एखाद्या संध्याकाळी आसपासचे शेतकरी आपापले ट्रॅक्टर दिव्यांच्या माळांनी सजवतात आणि एकामागून एक गावागावांतून नेतात. माणसं रस्त्याच्या कडेला उभी असतात आणि आम्ही स्वयंसेवक बादल्या घेऊन पायी फिरतो. कुठे हे पैसे हॉस्पिसला (आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेला) जातात, कुठे एअर ॲम्ब्युलन्सला (इथल्या एअर ॲम्ब्युलन्स धर्मादाय संस्था चालवतात, हे अनेकांना ठाऊक नसतं). आमचे पैसे अडचणीत असलेल्या कुटुंबांसाठी असतात. 2020 च्या नाताळात करोनामुळे हॉलमधले कार्यक्रम बंद होते. तेव्हा आपल्याच दारात उभं राहून बघता येईल असा हा कार्यक्रम बऱ्याच गावांनी उचलला आणि पुढेही सोडला नाही.

डिझेलचं उत्तर एका ओळीत संपतं. ते ज्याचं त्याच्या खिशातून असतं, वर प्रत्येक ट्रॅक्टरवाला प्रवेश फी भरतो. बादलीतली एक पेनीही (पौंडाचा शंभरावा भाग) इंधनाला जात नाही.

पण मैत्रिणीचा खरा प्रश्न डिझेलचा नव्हता, दिखाव्याचा होता. लोकांच्या गरजेवर आपण रोषणाई करतोय का? हा प्रश्न मला रास्त वाटतो.

आधी गरज काय आहे ते बघा. ट्रसेल ही इथली फूड बँकांची, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रांची, सगळ्यात मोठी संस्था. 2023-24 या एका वर्षात तिच्या फूड बँकांनी 31 लाखांहून जास्त शिधा-पार्सलं दिली, त्यातली 11 लाखांहून जास्त मुलांसाठी होती. त्यात डिसेंबर महिना वेगळाच कठीण. शाळेला सुमारे दोन आठवडे सुट्टी, म्हणजे ज्या मुलांना शाळेत मोफत जेवण मिळतं त्यांचं दुपारचं जेवण घरावर येतं. काही कौन्सिल (म्हणजे स्थानिक प्रशासन) त्यासाठी व्हाउचर देतात, पण ते पुरतंच असं नाही. दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, घर गरम ठेवावं लागतं. ज्यांच्या घरी प्रीपेमेंट मीटर आहे त्यांना आधी पैसे भरावे लागतात, मग गॅस आणि वीज. मीटरमधले पैसे संपले की घर गार पडतं. आणि नेमक्या याच महिन्यात मुलं एकमेकांना विचारतात, तुला काय मिळणार?

आता मिरवणुकीच्या मार्गाबद्दल सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

आमच्या गावाच्या एका टोकाला कौन्सिलच्या घरांची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांना स्वस्त भाड्याने दिलेल्या घरांची, वस्ती आहे. पहिल्या वर्षी मार्ग ठरवताना बैठकीत एकाने नकाशावर बोट ठेवून म्हटलं, "इथून कशाला? रस्ता अरुंद, गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या, आणि बादलीत पडणार तरी काय?" हिशेबाच्या दृष्टीने तो चुकीचं बोलत नव्हता. त्या वळणाने मिरवणूक पंचवीस मिनिटं लांबणार होती. तेव्हा सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी आजोबा, जे बैठकीत सहसा बोलत नाहीत, ते म्हणाले, "तिथून जाणार नसाल तर माझा ट्रॅक्टर धरू नका." बस्स, एवढंच बोलले. मार्ग ठरला.

मिरवणुकीच्या दिवशी मी त्या आजोबांच्या आवारात मदतीला गेले होते. त्यांची बोटं भेगाळलेली, थंडीने लाल झालेली. त्या बोटांनी ते प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी माळ धुराड्याच्या आजूबाजूला आवळत होते, पण गरम भागापासून वीतभर लांब. मग समोर जाऊन उभे राहिले आणि एकेक दिवा तपासला. पुढच्या बाजूला लाल दिवा दिसता कामा नये, निळा चमकता दिवा पोलीस, ॲम्ब्युलन्स, अग्निशमन दल अशा आपत्कालीन वाहनांचाच, हा इथला कायदा. माळेतले चार निळे दिवे लुकलुकत होते, त्यांच्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. दोन तास लागले. हा माणूस दिखावा करत होता असं मला कुणी म्हणून दाखवावं.

त्या संध्याकाळी वस्तीत वळलो आणि बघते तर सगळी वस्ती दारात. इंजिनांच्या घरघरीने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. मुलं पायजम्यावरच कोट चढवून भिंतींवर बसलेली. ट्रॅक्टरवाले हॉर्न देत होते आणि प्रत्येक हॉर्नला ती पोरं किंचाळत होती. सहा-सात वर्षांचा एक मुलगा दोन्ही हातांनी बरणी धरून माझ्याकडे आला. शेंगदाण्याच्या बटरची रिकामी बरणी, काठोकाठ तांब्याच्या नाण्यांनी भरलेली. बादली मोहोरबंद असते, वर फक्त एक फट. त्यामुळे त्याने एकेक नाणं आत सारलं. मागे ट्रॅक्टर जात होते, त्याचं तिकडे लक्षही नव्हतं. मी गुडघ्यावर बसून बादली धरून राहिले. त्याची आई म्हणाली, "उन्हाळ्यापासून साठवतोय."

त्या घराला आमच्या पैशांतून काही मिळालं का? मला माहीत नाही, आणि माहीत होऊ नये अशीच व्यवस्था आहे. नावं शाळेकडे, डॉक्टरांकडे, सल्ला केंद्राकडे असतात. तिथून व्हाउचर मिळतं, ते घेऊन माणूस फूड बँकेत जातो. आम्ही बादलीवाले त्या साखळीत कुठेच नसतो. त्यामुळे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांत देणारा कोण आणि घेणारा कोण हे कुणालाच सांगता येत नाही. त्या मुलाने तर दिलंच होतं. या हाताचं त्या हाताला कळू नये, असं आपण म्हणतो. ज्याच्या जन्माचा हा सण, त्याच्या डोंगरावरच्या प्रवचनातही दानाबद्दल जवळपास हेच शब्द आहेत. सरळ खात्यात पैसे टाकले तर मदत पोचते, कबूल. पण त्या मुलाला द्यायची संधी कुठून मिळणार?

हे लिहायचं आणखी एक कारण आहे. मागच्या वर्षी एका कंपनीने मोठी रक्कम देऊ केली, एका अटीवर. दोन-तीन कुटुंबांनी मुलांसह व्यासपीठावर येऊन भेटवस्तू घ्यायच्या आणि फोटो काढायचे. आमच्यात वाद झाला, कडाक्याचा झाला. "एवढ्या पैशात किती घरं निघतील" हे म्हणणारेही तळमळीनेच बोलत होते. शेवटी आम्ही नाही म्हणालो आणि मला आजही ते बरोबर वाटतं. सोमवारी तीच मुलं शाळेत जाणार. तो फोटो फोनवर फिरत राहणार, मूल मोठं झालं तरी. मिरवणूक देणाऱ्यांची असावी. घेणाऱ्यांची कुणी काढू नये.

जगात असे उपक्रम पुष्कळ आहेत. अमेरिकेत गरजू मुलांना खेळणी देणारं 'टॉईज फॉर टॉट्स' 1947 साली लॉस एंजेलिसला सुरू झालं. मेजर बिल हेन्ड्रिक्स यांच्या पत्नी डायान यांनी हाताने बाहुली शिवली होती, ती गरजू मुलापर्यंत पोचवणारी संस्थाच त्यांना सापडेना, म्हणून त्यांनी नवऱ्याला सांगितलं, मग तूच सुरू कर. त्या वर्षी 5,000 खेळणी जमली. आज मोटारसायकलवाले हँडलला टेडी बांधून याच कामासाठी रांगेने निघतात. कॅनडात 1999 पासून एक रेल्वे कंपनी दिव्यांनी मढवलेली गाडी गावोगावी नेते, फुकट गाणी होतात, लोक डबाबंद अन्न आणून देतात आणि ते त्याच गावाच्या फूड बँकेत राहतं. जिथे जमलं तिथेच राहिलं, हे मला फार आवडतं.

रात्री मोजायला बसतो तेव्हा वस्तीतल्या बादल्या उचलवत नाहीत. एक पेनीचं नाणं 3.56 ग्रॅमचं, दोनचं बरोबर दुप्पट, त्यामुळे तांबडी नाणी आम्ही सरळ वजनकाट्यावर टाकतो. दहा किलो म्हणजे जेमतेम 28 पौंड. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हलक्या बादलीत नोटाच 200 पौंडांच्या निघतात. पण छोट्या सुट्या देणग्यांवर नाव-पत्ता न घेताही संस्थेला सरकारकडून पौंडामागे 25 पेन्स मिळवता येतात, ठरावीक मर्यादेपर्यंत. त्या मुलाच्या नाण्यांवरही ते मिळतात, हे मला त्याला सांगायचं राहिलं.

एक उणीव मात्र मान्य करते. आमचा सगळा उत्साह 25 तारखेला संपतो आणि जानेवारीत फूड बँकेची फडताळं रिकामी होत जातात. म्हणून यंदा जमलेल्या रकमेतला निम्मा भाग जानेवारी-फेब्रुवारीसाठी मागे ठेवायचा प्रस्ताव मी मांडलाय. अजून मान्य झालेला नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडणार.

इथल्या मराठी मंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर बादलीवाले कमी पडताहेत. वय किमान 16 हवं, कौन्सिलच्या परवान्याची अट आहे. गरम मोजे घाला, टॉर्च आणा. आणि जमलं तर मला वस्तीच्या वळणावरच सोबत करा, तिथे एकटीला बादली उचलत नाही.