देशाचं क्लस्टर धोरण आठ दिवसांत कसं लिहावं

भाऊ, समजा उद्या तुमच्यावरच देशाच्या उद्योग-क्लस्टरचं, म्हणजे एका जागी जमलेल्या एकाच धंद्याच्या कारखान्यांचं, धोरण लिहायची पाळी आली, तं घाबरायचं काम नाही. पहिले मार्शल नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचं नाव टाका, १८९० साल टाका. त्यानं सांगून ठेवलंय की एकाच धंद्याचे लोक एका जागी टिकले की हुन्नर तिथल्या हवेतच मुरतो, पोट्टे न शिकवता शिकतात. मग १९९० चा मायकेल पोर्टर टाका, हा 'क्लस्टर' शब्द गाजवणारा. झाली प्रस्तावना, चहा घ्या.

आता नमुना म्हणून तामिळनाडूतलं तिरुपूर घ्या, सगळेच घेतात. तिथं बनियनवाले, रंगाईवाले, शिलाईवाले एकमेकांच्या भरवशावर वाढले, पण हे जास्त लिहू नका, नाही तं आपल्याले कोण विचारते? २०११ ले हायकोर्टानं तिथले रंगाईचे कारखाने नोय्यल नदी नासवली म्हणून बंद करायले लावले, तेही गाळा. आमच्या तालुक्याचा डीपीआर, म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, बनवणाऱ्या कन्सल्टंटनं गाळलं नाही, त्याच्या रिपोर्टात पान ४१ वर 'नोय्यल नदीचे प्रदूषण' जसंच्या तसं राहून गेलं. आमच्याकडं अडाण वाहते बाप्पा! तरी मंजुरी मिळाली.

कापसावर एक पान ठेवाच. १८७७ ले नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली, कापूस जवळ होता म्हणून, अन ती बंद पडली तेव्हाही कापूस जवळच होता. आता आमचा कापूस जिनिंगमधून गाठ होऊन निघते, ट्रकमधी बसते अन बनियन होऊन आमच्याच बाजारात परत येते, तोच घालून आपण धोरण लिहायचं. पीएम मित्रा पार्क, म्हणजे केंद्र सरकारचे कापड उद्योगाचे पार्क, तेही टाका, देशात सात हायेत, त्यातला एक अमरावतीले, हजार एकरचा. २०२४ च्या सप्टेंबरात त्याचं भूमिपूजन वर्ध्याच्या सभेतून झालं, म्हणजे दोन जिल्ह्यांची कनेक्टिव्हिटी तेव्हाच झाली.

मग सामाईक सुविधा केंद्र, म्हणजे सगळ्या धंदेवाल्यांनी मिळून वापरायच्या मशीनची जागा. मशीन आधी घ्यायची, थ्री-फेज लाईनचं मग पाहू. आमच्या केंद्रातल्या मशीनचं प्लास्टिक अजून निघालं नाही, डीपीचा अर्ज फिरून राहिला.

एक सांभाळा मात्र, खरं क्लस्टर दिसलं तं तिकडं पाहू नका. आमच्या एसटी स्टँडमागं एक गल्ली हाय, लेथवाला, दोन वेल्डिंगवाले, एक मोटर वाइंडिंगवाला, अन फवारणी पंपाचे वायसर विकणारा म्हातारा. एकाकडं बावीसचा पाना नसला तं दुसरा दुकानातूनच फेकते. कास्तकारानं सकाळी मोडका डवरा आणला तं दुपारी सुधारून जाते, वर एखादी पट्टी जास्त लावून, अन कोणाच्या जमिनीत कोणता डवरा चालते हे त्या लेथवाल्याले तोंडपाठ. सर्वेवाला आला तेव्हा त्यानं फक्त विचारलं, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, हाय का? नाही म्हटलं तं तो रसवंतीवर जाऊन रस पिऊन गेला. पुढच्या महिन्यात त्याच गल्लीले अतिक्रमणाची नोटीस आली, रस्ता रुंद करायचा हाय म्हणे, केंद्राकडं जाणारा.

केंद्राचा तो मोठा लोखंडी बोर्ड, 'राष्ट्रीय स्पर्धात्मकता' वगैरे लिहिलेला, तो त्याच गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं रातभर बसून बनवला. त्याचं बिल दिवाळीपासून फायलीत पडून हाय.